घासलेला पिस्टन

कोळीवाडा, पनवेल
१२ ऑगस्ट २००७

ती. दादास साळूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाय, ओरडून माझा गळा बसतो, म्हणून लिहिते. तू तुझा लेथ, ते धातू कातायचं यंत्र, घेऊन जा. जुना झाला म्हणून मेव्हण्याला दिलास, आणि माझ्या सैपाकघराचा कारखाना झाला. कामावरून आले की हे त्याच्यावर वाकलेले. बोटभर इंजिन करतायत. त्याच्याने होडी चालायची नाय, नारळ खवायचा नाय. हवा दिली की नुसतं फिरणार म्हणे. पितळेचा कीस कोलंबीच्या कालवणात आला तरी मी बोलले नाय. बोलले, पण थोडंच.

आता नारळी पुनवेसाठी देवाची पितळेची भांडी घासायला काढली. बाजूच्या ताटलीत यांचे बारके तुकडे होते, काळे, तेलकट. म्हटलं, होऊ दे लख्ख. चिंच न् रेती लावून घासले. सोन्यासारखे झाले. तर यांनी एकेक तुकडा उजेडात धरून बघितला. पिस्टन गेला म्हणे. मी म्हटलं, गेला कुठं, हा काय समोर. तवापासून माझ्याशी एक शब्द नाय. लेथवर गोणपाट टाकलंय. पाहिजे ते बोटाने दाखवतात, मुक्यासारखे.

बाकी सगळे बरे. वहिनीला सांग, सुक्या कोलंबीचे सोडे पाठव. लोभ लेथ नेल्यावर वाढव.

तुझी साळू


मोरा, उरण
१६ ऑगस्ट २००७

चि. सौ. साळूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी हसली, मला हसू आलं नाय. अगं बये, पिस्टन सिलिंडरमध्ये असा बसावा लागतो की मधी तेलाशिवाय काय मावू नये. त्याच्यावर तू रेती चालवलीस. आता बाजूने हवा निसटणार, इंजिन फिरणार नाय. माझा मेव्हणा प्रदीप होळीपासून त्या इंजिनावर खपत होता.

पण सैपाकघरात लेथ नको, हे तुझं म्हणणं बरोबर हाय. इथल्या बाळूला बोटीचे बारीक भाग करायला लेथ हवाच हाय. २६ तारखेला, रविवारी, त्याचा टेम्पो येईल. प्रदीपलाही तसं लिहिलंय. तो नको म्हणणार नाय, तू सांगितलेलं त्याने कधी मोडलंय? तेवढा विचार कर. सोडे टेम्पोबरोबर देतो.

तुझ्यावर रागवावं तरी माया काय कमी होत नाय.

दिनानाथ


कोळीवाडा, पनवेल
२३ ऑगस्ट २००७

ती. दादास सा. न. वि. वि.

टेम्पो पाठवू नको. पोस्टाचा भरवसा नाय म्हणून हे पत्र शेजारच्या गंगाबाईच्या हाती देते, ती उद्या मासळीला उरणला येतेय.

तुझी चिठ्ठी वाचून हे भांडतील म्हटलं. कसले भांडतात. गोणपाट काढलं, लेथ पुसला, तेल लावलं, सुटे भाग फडक्यात बांधले. पोरीला सासरी धाडतात तसं. मला असा राग आला. माणसाने भांडावं तरी. तो घासलेला पिस्टन यांच्या पुढ्यात आपटला न् सांगितलं, टेम्पो यायच्या आत नवा करा. मग यांनी उठून लेथवर पितळेची कांडी चढवली.

नवा पिस्टन जरा जाड ठेवतात, मग तेल न् पॉलिश लावून सिलिंडरमध्ये हाताने फिरवून फिरवून बसवतात. ते काम यांनी मुकाट माझ्या हातात दिलं. किती हळू फिरवायचं ते. मी जोर लावला की माझं मनगट धरायचे. सिलिंडरच्या खालच्या तोंडाला बोट लावलं की पिस्टन मधीच लटकला पाहिजे, बोट काढलं की खाली. आज लटकला. सगळं जोडलं. हवेला सायकलचा पंप लावला, तो मी मारला. चाक अडलं. परत मारला. आणि फिरलं, टुकटुक, टुकटुक.

आता बाळूला दुसरा लेथ बघायला सांग, आणि माझं नाव घेऊन शिव्या दिल्या तरी देऊ दे.

इतक्या दिवसांनी यांनी तोंड उघडलं ते काय तर, साळू, चहा टाक. मी म्हटलं, पंप सोडला तर बंद पडेल, तुमीच टाका. टाकला. साखर विसरले. प्याले तसाच.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर होती तेवढी माया राहू दे.

तुझी साळू