घट्ट प्लेट की सरकती

१२ नोव्हेंबर २००२, मंगळ. डिचोली.

डाव्या पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत. आठ महिन्यांचा टायर. बाहेरून नवा, आतून संपलेला. आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखा.

गाडी उजवीकडे ओढते हे जुनंच. पण काल साखळीच्या उतारावर समोरून खनिजाचा ट्रक आला आणि सुमनचा आरसा घेऊन गेला. आरशावर निभावलं. बायको रोज याच रस्त्याने वाळपईच्या शाळेत शिकवायला जाते. जेवताना शांतपणे म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत गाडी सरळ जायला हवी. नाही तर मी वाळपईला खोली घेते. शनिवारी येत जाईन."

मी म्हटलं, "तू स्टेअरिंग जरा घट्ट धरत जा."

सवयीने म्हटलं.

१५ नोव्हें., शुक्र.

अर्धी रजा टाकून गाडी धारगळला नेली. प्रकाश, सुमनचा मावसभाऊ, हायवेवर गॅरेज. त्याने गवंड्याचा ओळंबा काढला आणि चाकाशेजारी धरला. दोरी सरळ, चाक वाकडं. इतकं साधं असतं हे!

"भावोजी, डावां चाक वरसून आत झुकलां. उजवां बरां आसा. गाडी खंय आपटली काय?"

"खड्डे," मी म्हटलं.

"खड्डो खालसून मारता. ह्यां कुशीसून इलां."

बॉनेट उघडून बोट ठेवलं. स्प्रिंगचा खांब जिथे वर बॉडीला बसतो, तिथे पत्र्याला बारीक घडी. मी ती कौतुकाने पाहिली, जणू पहिल्यांदाच.

उपाय: त्या खांबाच्या डोक्यावर कॅम्बर प्लेट, म्हणजे चाकाचा कल ठरवणारी. कोल्हापूरहून जोडी येते. दोन प्रकार. घट्ट: कोन ठरलेला, दोन्ही बाजूंना सारखाच, एकदा बसली की विषय संपला. सरकती: लांबट खाचा, नट सैल करून खांबाचं डोकं आत-बाहेर सरकवायचं, प्रत्येक बाजूचा कोन वेगळा. भीती एवढीच की आमच्या रस्त्यांवर नट ढिले झाले तर कोनही फिरणार.

गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोकणी-मराठीसाठी सरकतीच बसवली आहे. अजून खडखडते.

१७ नोव्हें., रवि.

दिवसभर चाकं बघत फिरलो. बाजारातली प्रत्येक गाडी थोडी तरी तिरकी उभी आहे. पंधरा वर्षं या गावावर विनोदी लिहितोय आणि हे दिसलं नव्हतं!

माझ्या गाडीला सरकतीच लागणार, हे मला कळतं. डावं बिघडलंय, उजवं नाही. दोन्हीकडे सारखी घट्ट प्लेट लावून काय होणार? पण सरकती म्हटली की सुमन विचारणार, एकच बाजू का बिघडली. म्हणून मी प्रकाशला फोन करून घट्टची बाजू मांडली. मजबुती, टिकाऊपणा वगैरे. चांगलं बोललो. प्रकाश म्हणाला, "तुमी बोलतास बरां."

इथे तरी लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी, स्टँडमागच्या चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, गाडीची डावी बाजू मीच आपटली. डोक्यात लेखाचं पहिलं वाक्य जुळत होतं. सुमन ट्रेनिंगला पणजीत होती. ती यायच्या आत म्हापशाला मडगार्ड ठोकून, रंगवून घेतलं. वाक्य मात्र चांगलं जुळलं होतं.

२० नोव्हें., बुध.

प्रकाश अडला. प्लेट कुठलीही असो, बॉडीला भोकं पाडावी लागणार, आणि पाडलेलं भोक परत बुजत नाही. "देवाक विचारल्याबिगर मी ड्रिल लावचंय नाय." सुमनला हे एकदम पटलं. तिच्या माहेरच्या देवळात रविवारी कौल. देवाला कॅम्बर कळतो का, विचारणार होतो.

२४ नोव्हें., रवि. पेडणे.

गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर सरकती, डावी पडली तर घट्ट. मग गाऱ्हाणं: "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या गाडयेचां चाक वाकडां झालां..." आम्ही "व्हय म्हाराजा." सगळं व्यवस्थित.

कळी हलेना. पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा तेच. अर्धा तास झाला.

गुरव माझ्याकडे वळला. "कायतरी सांगूचां रवलां. चाक कशान वाकडां झालां, तां देवाक सांगा."

प्रकाश नखं बघत होता. सुमन हात जोडून उभी, डोळे मिटलेले.

ज्या देवावर मी आयुष्यभर कोट्या केल्या, त्याच्यासमोर म्हणालो, "गडगा. मीच."

उजवी कळी पडली. वर पंखा चालू होता, हेही नमूद करतो.

परत येताना गाडी सुमनने चालवली. अस्नोडा मागे पडला. मग म्हणाली, "दोन वर्षं मी समजत होते, माझा हातच वाईट."

मी काहीतरी बोललो.

"तुम्ही त्यावर लेख लिहिलात. स्टाफरूममध्ये वाचून हसले सगळे. मीसुद्धा हसले."

२६ नोव्हें., मंगळ.

तो लेख काढून वाचला. 'उजवीकडे झुकणारी आमची ही.' विनोद अजूनही जमलेले आहेत. तेच वाईट.

३० नोव्हें., शनि.

सरकती बसली. नट सुमनने स्वतःच्या हाताने आवळले. प्रकाशकडून पाना मागून घेतला, मला दिला नाही. मग पर्समधून नेलपॉलिश काढून प्रत्येक नटावरून पत्र्यावर एक लाल रेघ ओढली. नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. प्रकाश बघतच राहिला. "बाय, ह्यां खंय शिकलंस?"

"शिकले नाही. आता लक्ष ठेवायचं ठरवलंय."

हायवेवर तिने क्षणभर दोन्ही हात सोडले. गाडी दोरीत, सरळ.

१ डिसें., रवि.

सकाळी म्हणाली, "वाळपईला जाऊन येते. खोली बघायला."

"अगं, पण गाडी आता सरळ जाते."

"हो ना. गाडीचं झालं." चप्पल घालत म्हणाली, "घेतेच असं नाही. बघून येते."

मी फाटकापर्यंत गेलो. वळणापर्यंत गाडी दिसत होती. तसूभरही कुठे ओढली नाही.