कपाटाची खालची फळी

दि. ४ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले, खोली मिळाली, प्रयोगशाळेत रुजू झाले, हे सगळं फोनवर सांगून झालंच आहे. उरलेलं लिहून कळवते, कारण फोनवर मी काहीही सांगितलं तरी तू पलीकडे बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं छान आहे हो, छान आहे, असंच म्हणत होतीस.

छान काही नाही. सामान बंदरावर अडकलंय. काल कस्टमच्या तपासणीला बोलावलं होतं. पत्र्याचं अवाढव्य गोदाम, जमिनीवर पिवळे पट्टे, आणि एकेकाच्या संसाराला एकेक चौकोन. माझ्या चौकोनात गाद्या, कुकर, पुस्तकांची खोकी आणि मधोमध बाबांच्या हातचं कपाट. घरात एवढं मोठं वाटायचं, तिथे अगदी बापुडवाणं दिसत होतं.

तपासणारी बाई माझ्याहून थोडी मोठी असेल. खोकी तिने भराभर उरकली, कपाटाशी मात्र थांबली. आत वाकून खालच्या फळीवर टकटक केली, मग वरच्या फळीवर. कपाट जुनं आणि ही एकच फळी नवी कशी, असं तिने विचारलं. दुरुस्त केली असेल, असं मी म्हटलं. मग तिने आतून उंची मोजली, बाहेरून मोजली, आणि दोन्हींत चार बोटांचा फरक निघाला. शेवटी कपाट यंत्राखाली नेलं. आई, फळीखाली पोकळी आहे आणि त्यात काहीतरी ठेवलंय. लांबट, एका टोकाला जाड, दुसरीकडे निमुळतं. तिने पडद्यावर दाखवून हे काय आहे म्हणून विचारलं. ते सुरीच्या पात्यासारखं दिसत होतं.

सामान मीच भरलं आणि त्यात लपवलेलं काही नाही, असं मी आधीच लिहून दिलंय. बाबा गिऱ्हाइकांच्या कपाटांना चोरकप्पा करतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण आपल्या घरच्या कपाटाला कधी केला नाही. घरच्यांपासून काय लपवायचं, असं तेच म्हणायचे ना?

तीस तारखेपर्यंत मुदत मिळाली आहे. ज्याने कप्पा केला त्याने तो कसा उघडतो आणि आत काय आहे हे सहीनिशी लिहून द्यायचं. त्याप्रमाणे मी तिच्यासमोर उघडून दाखवला आणि आत काही गैर निघालं नाही, तर ही चूक समजतील. नाहीतर पहारीने फोडतील आणि मग ती लपवाछपवी ठरेल. तसं ठरलं की नोकरीचा परवाना रद्द, आणि मी आल्या वाटेने परत.

बाबांना विचार. माझ्याशी बोलायचं नसेल तर राहू दे म्हणावं, पण त्या बाईला उत्तर द्या. माझा सगळा लोभ तुला, आणि त्यातला थोडा त्यांना चोरून दे.

तुझी,
बाळी

दि. १२ ऑक्टोबर

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फळीचं मला माहीत होतं, आणि नव्हतंही. पॅकिंगवाले यायच्या आधी यांनी ते कपाट एकट्याने ओढत मागच्या शेडमध्ये नेलं होतं. विचारलं तर म्हणाले की खालच्या फळीला भुंगा लागलाय, बदलतो. मला वाटलं, राग उतरायला लागला. मी वेडी आनंदाने चहा घेऊन गेले, तर शेडला आतून कडी. कपाटात ते काय करून ठेवतायत हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. रंधा चालूच होता. चोरकप्प्याशी आले तेव्हा थांबला. परवाना रद्द होईल हे वाचलं तेव्हा हे उठले आणि ताटावर न बसताच बाहेर गेले. तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. आत काय ठेवलंय म्हणून मी नाना परींनी विचारलं, रागावले, रडलेसुद्धा. एकदाच बोलले, ते म्हणजे तुझ्या पत्रात पहार लिहिलंय की छिन्नी. मी पहार म्हटलं तर चेहरा असा केला की जणू तुझ्याच पाठीत घालणार आहेत.

मनातलं लिहिते, रागावू नकोस. तू जाऊ नयेस म्हणून यांनी किती आकांडतांडव केलं ते तू पाहिलंस. निरोपालाही आले नाहीत. एकुलती एक, परक्या मुलखात गेली की आपली राहत नाही, हे एकच डोक्यात. आणि आता यांनी काही करायला नको, नुसतं गप्प बसलं तरी तू परत येतेस. माझा नवरा वाईट नाही गं. पण हट्टी माणसाला आयती संधी चालून आली की तो काय करेल याची मलाच धास्ती वाटते. तू स्वतः त्यांना लिही. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

जेवत जा. इकडच्या काळजीला मी पुरी आहे.

तुझी,
आई

दि. २० ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला करवत म्हणता, जातानाही कापते आणि येतानाही. म्हणून या वेळी कमीच लिहिते.

काल मी त्या बाईकडे पुन्हा गेले होते. मुदत वाढवून मागितली, तिने दिली नाही. ती दुष्ट नाही. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की तीस तारखेच्या सकाळी कपाट उघडणार, एक तर तुमच्या कागदाने किंवा त्यांच्या पहारीने. माझ्या चौकोनाच्या शेजारी कुणाचा तरी सोफा फाडून ठेवलाय. आतला कापूस सगळीकडे उडतो. मला रोज डोळ्यांसमोर तेच दिसतं.

आत काय आहे ते मला माहीत नाही. मला धाक घालायला काही ठेवलं असेल तर तेही सांगा, मी ऐकून घेईन. मी परत यावं असं वाटत असेल तर तसं सरळ लिहा, बाबा. मी परत यायचं की नाही ते मला ठरवू द्या. मला हाकलून परत आणू नका. तसं झालं तर मी घरी येईन, पण तुमच्याकडे येणार नाही.

तुमची आठवण येते, हे त्याहून अवघड वाक्य होतं, म्हणून शेवटी लिहिलं.

तुमची

दि. २५ ऑक्टोबर

चि. मुलीस,
आशीर्वाद.

सोबत सहीचा कागद आहे. त्यातलंच तुला लिहितो. डाव्या अंगाला मागच्या पायाजवळ खुंटी आहे. ओढायची नाही, आत दाबायची. मग फळी दाराच्या बाजूला सरकते. अडली तर ठोकू नये. जरा उचलून घ्यावी.

आत लाकूड आहे. लाकडाखेरीज काही नाही.

पहार लावू देऊ नकोस.

बाबा

ता. क. बाळी, हे यांनी तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहिलं, आणि जलद टपालाने टाकायला स्वतः गेले. पायात चपला दोन वेगवेगळ्या होत्या. आत कसलं लाकूड ते मलाही सांगितलं नाही. देव करो आणि वेळेत पोचो. आई

दि. ३० ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

कागद काल दुपारी पोचला. आज सकाळी गोदामात मी, ती बाई, पहार घेऊन उभा असलेला एक माणूस आणि बाबांच्या पत्राचा तर्जुमा करणारा एक दुभाषी, एवढे जमलो होतो. आत लाकूड आहे, हे ऐकून त्या बाईच्या कपाळावर आठी पडली. तोडायला बंदी असलेली लाकडंही लोक चोरून आणतात, असं तिने बजावलं.

खुंटी दाबली. काही झालं नाही. पहारवाला पुढे सरकला. मग बाबांचं वाक्य आठवलं, फळी जरा उचलून घेतली, आणि ती लोण्यासारखी सरकली.

बाबा, आत तुमची पाचर होती.

वीतभर लांब, एका टोकाला जाड, दुसरीकडे कागदासारखी पातळ. त्या बाईला कळेना की हे हत्यार आहे की काय. मी सांगितलं की माझे वडील सुतार आहेत, आणि कपाट कुणाच्याही घरी पोचवलं की ते पायाखाली स्वतः पाचर घातल्याशिवाय तिथून निघत नाहीत. घर नवं, जमीन नवी, कपाट डुगडुगलं तर माणसाला ते घर आपलं वाटत नाही, असं ते म्हणतात. माझ्याशी ते बोलत नव्हते, म्हणून त्यांनी ती हातात दिली नाही. एवढं सांगून झालं आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

कपाट सोडलं, सामान सोडलं, परवान्यावर शेरा नाही. पाचर मात्र ठेवून घेतली. पॉलिश केलेलं लाकूड चालतं, कोरं चालत नाही, असा नियम आहे. त्या बाईने ती पिशवीत घालण्याआधी माझ्या हातात दिली, थोडा वेळ राहू दिली.

कपाट आता खोलीत आहे आणि खरोखरच डुगडुगतंय. उजवा पुढचा पाय जमिनीला टेकत नाही. घरमालकीण पुठ्ठ्याची घडी घाल म्हणाली, मी घातली नाही. फटीचं माप सोबत पाठवतेय. बाबा, दुसरी करून पॉलिश मारून पाठवा. तुमचं प्रेम यापुढे मला उघड्यावर मिळावं, त्यासाठी कस्टमच्या बाईला मध्ये घालू नका.

तुमची,
बाळी

दि. ९ नोव्हेंबर

चि. करवतीस,
अनेक आशीर्वाद.

माप मिळालं. त्याचा उपयोग नाही. पाचर मापावरून होत नाही, कपाटाशी बसून करावी लागते. तू सुताराची मुलगी, तुला हे कळायला हवं होतं.

तुझी आई मला फोटो काढायला घेऊन गेली होती. पासपोर्टला हसायचं नसतं म्हणतात, ते बरं आहे. मार्चपर्यंत तिकडे येणं होईल असं दिसतं. पटाशी आणि लहान रंधा ही हत्यारं आणू देतात का, ते त्या बाईला आधी विचारून ठेव. मी विचारलंय म्हणून सांग. कोरं लाकूड इथून आणत नाही. तिकडचंच चांगलं वाळलेलं एखादं बघून ठेव.

तोवर वरच्या खणात जड काही ठेवू नकोस, आणि दार हळू उघड.

बाबा