कोयता माळ्यावर आहे

शहापूर,
ता. १४ नोव्हेंबर १९९८

सौ. बाईजाताईस,

वाल्मिकचा नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तुमचं भात झोडून झालं असेल. तू माझ्याशी बोलत नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहितो.

तुमच्या पाड्यावरचा साईनाथ बाजाराला आलाय, त्याच्याकडे बाबांच्या गोळ्या देतोय. पांढरी सकाळी, पिवळी रात्री जेवल्यावर. जिभेखाली धरायची बारकी गोळी बाबांच्या बंडीच्या खिशातच असू दे, फळीवर नको.

साईनाथनं तुझा निरोप सांगितला. म्हणाला, "बाबा ओटीवरून हलत नायत. अंगणाच्या कडेला जातात नि मागं फिरतात. ताई इचारते, डॉक्टरनं चालू नको सांगितलंय का?"

नाही. हार्टचा झटका येऊन गेलेल्या माणसानं रोज तासभर चालायलाच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलंय. तेलकट बंद, पालेभाजी खा. तुझ्याकडे नाचणीची भाकरी आहे, परसात माठ आहे, चालायला अख्खा डोंगर आहे.

दवाखान्यातून बाबांना तुझ्याकडे नेताना तू सगळ्यांसमोर विचारलंस, "दोन वर्षांत माणसाचं काय केलंस रे?" तेव्हा मी कॉलनीवर ढकललं. ते काही खोटं नव्हतं. हायवेला माणसानं चालायला जागा नाही, ट्रक अंगावर येतात. बागेसाठी सोडलेल्या जागेत बिल्डरनं विटा रचल्यात. भाजीबाजार हायवेपलीकडे, नि फाटकाशी वड्याची गाडी. बाबा दिवसाला चार-चार वडे खायचे. बसून दुसरं करणार काय?

पण एक गोष्ट मी गाळली.

बाबा नवे नवे आले तेव्हा चालायचे गं. पहाटे कमरेला आकडी बांधायची, आकडीत कोयता अडकवायचा, की निघाले कॉलनीमागच्या माळावर. तासाभरानं डोक्यावर मोळी घेऊन हजर! आमच्याकडे गॅस. रंजिता म्हणायची, "मामंजी, या लाकडांचं मी करू काय?" तर म्हणत, "रिकाम्या हातानं फिरायला मी काय उनाड हाय?" जिन्याखाली वीस-पंचवीस मोळ्या रचल्या होत्या.

सोसायटीच्या मीटिंगला चेअरमन उभे राहिले. म्हणाले, "यांचा म्हातारा कोयता घेऊन फिरतो, बायका-पोरं घाबरतात." सगळे माझ्याकडे बघून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आलो, कोयता काढून घेतला, माळ्यावर टाकला. म्हणालो, "इथं राहायचं तर फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. माझी लाज काढताय."

बाबा "बरं" म्हणाले. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत बसले ते दीड वर्ष बसले. मी कामावरून येताना रोज बघायचो. वाटायचं, चला, शहाणे झाले.

डॉक्टरांनी विचारलं, "चालतात का?" मी म्हणालो, "वय झालंय, चालवत नाही." बाबा खाटेवरून ऐकत होते. माझं खोटं त्यांनी उघडं पाडलं नाही.

तुझ्या अंगणाच्या कडेवरून ते मागं फिरतात, ते माझ्यामुळं. समोर डोंगर आहे, अडवणारं कुणी नाही, तरी माझाच शब्द पाळतायत. आणि डॉक्टर म्हणाले होते, असंच बसून राहिले तर दुसरा झटका झेपायचा नाही.

चोवीस तारखेला तपासणीसाठी न्यायला येईन. घरात घेतलंस तर ओटीवर बसेन, नाहीतर एसटीच्या थांब्यावर थांबेन.

आता हे लिहून झालं की माळ्यावर चढून कोयता काढतो आणि आकडीसकट साईनाथकडे देतो. गंजला असेल, भाऊजींना धार लावायला सांग. हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, माझा कितीही राग आला तरी एक ओळ गाळू नकोस. त्यांना म्हणावं, वाल्या सांगतो, मोळी आणा. पण डोक्यावर नको, काखेत मावेल एवढीच.

बाबांनी ज्याचं निमूट ऐकलं,
तो तुझा भाऊ,
वाल्मिक