बोर्ड नेमका कुठे अडकतो

६ ऑगस्ट
बोर्ड पुन्हा ठप्प. आयसीयूतल्या पेशंट मॉनिटरचा सर्किट बोर्ड, आणि त्याचा पडदा मधेच गोठतो! दोन दिवस नीट चालतो, मग गप्प. कन्सोलवर एक ओळ नाही. मॅनेजर प्रसाद सरांचं एकच, "कर्नलमध्ये आणखी प्रिंट टाका." अहो, टाकले. कोड कुठवर पोचला ते छापणाऱ्या या ओळी टाकल्या की वेळेचं गणित बदलतं, मग बोर्ड अडकतच नाही. काढल्या की अडकतो. डोकं फिरलंय.

७ ऑगस्ट
जेटॅग डीबगर मागितला. थेट प्रोसेसरला जोडायचा, तो कुठल्या ओळीवर अडकलाय ते बघायचं. तेवढंच हवंय! तर म्हणे, "लॉजिक अ‍ॅनालायझर आहे ना लॅबमध्ये?" आहे. तो तारांवरचे सिग्नल दाखवतो, कर्नलच्या, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, पोटातलं नाही. हे मॅनेजरला सांगावं लागतं.

१० ऑगस्ट
मीटिंग. प्रसादांनी ठरवूनच टाकलं: दोष आमच्या टीममधल्या श्रावंतीच्या डिस्प्ले ड्रायव्हरचा, पडदा चालवणाऱ्या कोडचा. का, तर पडदा गोठतो म्हणून! सगळ्यांसमोर तिला प्रोजेक्टवरून काढलं. ती वही मिटून उठली. तिचा ड्रायव्हर काढलेला बोर्डही अडकतो. गेल्या आठवड्यात मी स्वतः पाहिलंय.
मी बोलले नाही. जेटॅगच्या खरेदीच्या कागदावर प्रसाद सही करतो म्हणाले होते, बिनसायला नको म्हणून...
संताप येतोय. प्रसादांचा. फक्त प्रसादांचा नाही.

१४ ऑगस्ट
आठवडाभर मोठ्या, प्रोसेसरचं प्रत्येक पाऊल नोंदवणाऱ्या ट्रेसवाल्या डीबगरचा हट्ट धरला होता मी. आज बोर्डाचा नकाशा उघडला, तर ट्रेसच्या पिनाच बाहेर काढलेल्या नाहीत! जागा वाचवली म्हणे. जेटॅगलाही कनेक्टर नाही, नुसते तांब्याचे ठिपके. मोठा आणून काय त्याची पूजा करू? छोटा, साधा घेतला. ओपन सोर्सवर चालतो, पुरे.
आमचे सोल्डरिंगवाले सलीमभाई भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडत होते. मी मागून घाई करतेय. शेवटी म्हणाले, "मॅडम, गुस्सा उधर जाके करो. हात हिला तो बोर्ड गया समझो."
जाऊन चहा प्यायले.

१९ ऑगस्ट
अडकला!! वॉचडॉग बंद ठेवला होता, नाहीतर बोर्ड स्वतःच रीसेट होऊन सगळं पुसून टाकतो. जेटॅगने प्रोसेसरला थांब म्हटलं, थांबेना. पण कुठल्या पत्त्यावर आहे ते वाचता आलं. पत्त्यावरून फंक्शन सापडलं. वीज वाचवायचा कोड. आधी चिपच्या एका भागाचं क्लॉक, म्हणजे त्याचा ठोकाच, बंद करतो, मग त्याच भागाला काहीतरी विचारतो. तिकडून उत्तर कसं येणार? प्रोसेसर बसलाय वाट बघत. दोन ओळी उलटसुलट, बस्स.
कोणी लिहिलंय हे, म्हणून शिव्या घालतच गिटमधली कोडची नोंद उघडली.
मी. मार्चमध्ये.

२० ऑगस्ट
प्रसादांना सांगितलं. खूश! "पॅच टाका. मेलमध्ये कारण वगैरे नको, उगाच चर्चा होते."
"आणि श्रावंती?"
"ती नव्या टीममध्ये सेट झाली ना आता."
खुर्ची उचलून फेकावीशी वाटली. कोणाला मारणार होते, देव जाणे. जागेवर येऊन सगळ्या टीमला मेल टाकला: चूक माझ्या कोडची, श्रावंतीच्या ड्रायव्हरचा संबंध नाही. प्रसादांचे तीन मिस्ड कॉल. उचलणार नाही.
संध्याकाळी श्रावंतीला फोन केला. माफी मागितली. तिने मेल वाचला होता.
"अक्का, आपको कब मालूम हुआ?"
"काल. जेटॅग लावल्यावर."
"वो नै. मेरा कोड नै है, ये कबसे मालूम था?"
कुकटपल्लीच्या बसस्टॉपवर उभी होते. माझी बस आली, गेली.
"बोलो ना, अक्का."
ती फोन ठेवेना. मलाही ठेवता येईना.