मागच्या कोपऱ्यातली होस्टाची रोपं

१२ एप्रिल
केला एकदाचा पराक्रम! होस्टाची तीन रोपं आणली. मोठ्ठी तुळतुळीत पानं, पांढरी किनार. अख्ख्या नर्सरीत तीच नजरेत भरली — आणि दिसायला बरं ते उचलायचं, ही माझी जन्माची खोड.
मागच्या भिंतीलगतचा सावलीचा कोपरा सासूबाईंचा. त्यांच्या आजारपणात तिथली रोपं सडली. त्या गेल्यापासून नुसती माती, आणि तिच्याकडे बघत खिडकीत बसलेले मामंजी. बोलणं म्हणजे "हं" आणि "नको". कोपरा हिरवा झाला तर तिसरा शब्द फुटेल, अशी माझी भाबडी आशा.

१९ एप्रिल
रोपांनी माना टाकल्या. एक हलकेच ओढलं तर अख्खं हातात! खाली मुळं काळी, लिबलिबीत. बडा घर पोकळ वासा. नवरा म्हणाला, "प्लास्टिकची आण ना." जेवणापर्यंत अबोला धरला. मग मीठ मागावं लागलं.

२ मे
पुन्हा नर्सरी. या वेळी प्रत्येक रोप कुंडीतून काढून मुळं बघितली — पांढरी, टणक हवीत. कोंब चेपून पाहिले. पानांवर डाग दिसले ते रोप परत ठेवलं. नर्सरीवाला वैतागला, "बाई, नवरा तरी एवढा पारखून घेतला होता का?"
नाही हो! म्हणून तर आता शहाणपण आलंय.
दिसायला किरटी, पण मुळांनी दणकट रोपं आणली. मामंजींनी पाहिली. "हं."

२० जुलै
पानं ताटाएवढी! गोगलगायींनी चाळणी केलेली दोन सोडली तर. शेजारीण म्हणाली, "हाताला गुण आहे हो तुमच्या." फुगून घरात आले. दूध उतू गेलेलं.

३ नोव्हेंबर
पानं पिवळी पडताहेत. पाणी जास्त झालं? कमी? दोन्ही करून पाहिलं.

१८ नोव्हेंबर
सगळी गेली. पानांचा नुसता लगदा. उपटून कुंपणाजवळच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकली. मुळं? बघवली नाहीत. एवढी मोठी पारखी मी!
तिथंच उभी राहून रडले. सासूबाईंनी वर्षानुवर्षं राखलेला कोपरा मला एक वर्ष राखता आला नाही. मामंजी खिडकीतून बघत होते.

२४ नोव्हेंबर
मामंजींच्या चपलांना चिखल. कुठं गेला होतात, विचारलं. "हं." पायपुसणं धुतलं.

६ एप्रिल
कोपऱ्यात मातीतून जांभळट कोंब वर आलेत! मी बघतच राहिले. मागे मामंजी.
"थंडीत झोपतात ती, सूनबाई. मी परत लावली."
मग वाकून एका कोंबाभोवतीची माती सारखी करत — "तुझ्या सासूनंही पहिल्या वर्षी अशीच फेकली होती. तेव्हाही मीच लावली. तिला कधी सांगितलं नाही."