तिसऱ्या माणसाला नक्कल मिळत नाही

तीर्थस्वरूप ताराताईस,
धाकट्या गिरिधरचा नागपूरहून शिरसाष्टांग नमस्कार. अकोल्याच्या उन्हात तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. इकडे सगळं छान चाललंय, असं मी कालपर्यंत समजत होतो.

फोन न करता लिहितोय, कारण शोभा घरातच असते. तू बजावलं होतंस की आमच्या लेकीला, चिन्मयीला, सांगून आलेला अपूर्व घटस्फोटित आहे, तेव्हा कुटुंब न्यायालयात जाऊन त्याचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी वाच. (आपल्याकडे स्थळ बाजारातल्या वांग्यासारखं उलटून-पालटून बघतात.) गेलो. नकलेच्या, म्हणजे निकालाची शिक्क्याची प्रत देतात त्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही या केसमधे आहा काय? नाही न? मंग तुमाले नक्कल काहून देऊ? प्रतिज्ञापत्रावर कारण लिहा, साहेबांनी हो म्हटलं तं भेटन." मी कारण लिहिलं, 'ताईने सांगितले.' त्यांनी कागद परत केला.

मग निदान संगणकावर दिसेल तेवढं बघावं म्हणून बसलो. 'पक्षकाराचे नाव' असा रकाना होता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं कारकुनी केलेला मी, रकाना दिसताच स्वतःचंच नाव भरून मोकळा झालो. आणि ताई, निघालं की! अर्जदार शोभा, विरुद्ध गिरिधर. घटस्फोट. साल २०१९. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बाई डोकावल्या, "अरे, हे तं तुमचंच नाव दिसून राह्यलं! मंग तुमाले नक्कल भेटते." अपूर्वची नाही, माझी!

दोन तारखांना अर्जदार गैरहजर, म्हणून मला नोटीस निघण्याआधीच अर्ज रद्द. त्या दोन्ही तारखांना मी काविळीने अंथरुणावर होतो आणि ती मला उसाचा रस पाजत होती. मला तिथेच रडू आलं.

तुझा,
गिरिधर

ता. क. अपूर्वने आपला निकाल चिन्मयीला पहिल्याच भेटीत वाचायला दिला होता. मी तिला कधी विचारलंच नाही.

ता. क. २. नक्कल वाचली. दारू नाही, मारहाण नाही. माझं नाव सहा वेळा आहे, तुझं अकरा वेळा. अर्ज पुन्हा करता येतो, हे त्या बाईंनी न विचारताच सांगितलं. म्हणून हात जोडतो, रविवारी मुलगा बघायला येऊ नकोस. होकार द्यायचा की नाही, ते यावेळी मी शोभाला विचारणार आहे.

ता. क. ३. तिला विचारायला सुरुवात कशी करावी, तेवढं मात्र उलट टपाली कळव.