चौकटीतला परिच्छेद

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा नववीच्या पुस्तकात घेतली आहे. हुरळून जाऊ नकोस. सरकार बदललं, तसे आमच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे अध्यक्षही बदलले. तुझ्या कथेतला शिपाई दर निवडणुकीनंतर साहेबांच्या खोलीतला फोटो बदलतो आणि म्हणतो, की माणसं येतात-जातात, खिळा तोच. तो परिच्छेद अध्यक्षांना बोचतो. मी त्याभोवती पेन्सिलीने चौकट आखली आहे. समासात गाळण्याची खूण तेवढी बाकी आहे. करू ना? नाही केली तर माझं संपादकपद जाईल. तुझी वहिनी म्हणते, की घरी बसून आमटीचं परीक्षण करत बसाल.

या पत्रानंतरही लोभ राहिला तर ठेव.
समीक्षक दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वा रे समीक्षक! जन्मभर व्यासपीठावर गरजलास, की साहित्य समाजाचा आरसा. आता साहेबांचं नाक वाकडं दिसलं, तर आरशावर पडदा टाकायला निघालास! मागच्या सरकारलाही हाच शिपाई टोचला होता. तेव्हा माझ्या बाजूने लेख ठोकणारा तूच ना? अरे, खुर्चीत बसलेल्याला आपला फोटो दिसतो, खिळा दिसत नाही. तो दाखवायला तर आपण लिहितो! परवानगी मिळणार नाही. खूण करायची तर स्वतःच्या हाताने कर, आणि मग आरशात बघ.

वहिनीला नमस्कार. तिची समीक्षा तुझ्याहून नेमकी असते.

भांडणासकट माया असू दे.
धाकटी

११ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तक आलं. तुझ्या भाचीने दप्तर टाकायच्या आधी पान उघडून दाखवलं. परिच्छेद जागेवर आहे, वर भोवती जाड काळी चौकट! बाईंनी सांगितलंय, की चौकटीतलं पाठ करा. अख्खा वर्ग खिळा घोकतोय. हे झालं कसं? आणि तुझं पद? मार्चमध्ये जरा जास्तच बोलले रे.

उलट टपाली कळव, तोवर जिवाला घोर.
धाकटी

१८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पद गेलं. मी चौकशीत सांगितलं, की खूण करायची राहिली आणि छापखान्याने चौकट सजावट समजून छापली. म्हटलं, वय झालं, साहेब. त्यांना लगेच पटलं. समीक्षक बावळट असतात, यावर सगळ्या सरकारांचं एकमत आहे. पुस्तकं गावोगाव पोचली, आता परत कोण गोळा करणार? तीस वर्षं प्रुफं तपासणारा माणूस ती खूण विसरेल का, हे तू मात्र विचारू नकोस. वहिनीनेही विचारलं नाही. नुसती हसली आणि आमटी वाढली.

काल आमच्या कचेरीतला शिपाई भिंतीवरचा माझा फोटो घरी पोचवून गेला. जाताना म्हणाला, की खिळा तेवढा तिथेच ठेवलाय.

आता रिकामा आहे. लोभासोबत नवी कथाही पाठव.
बिनखुर्चीचा दादा